कादंबरीतला गोरा पाहुणा आणि आपलं संस्थान : भेटीचा प्रसंग लिहायचा कसा?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

रेसिडेंट, पोलिटिकल एजंट (संस्थानांत नेमलेले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी), त्याची मडम, मिशनरी बाई. मराठी ऐतिहासिक कादंबरीत गोरा पाहुणा आला की पहिल्या भेटीचा प्रसंग बहुधा एकाच साच्यातून निघतो. साहेब काहीतरी उद्धट बोलतो, नायक बाणेदार उत्तर देतो, दरबार चिडीचूप. पुढचं प्रकरण सुरू.

प्रत्यक्षात मान आणि अपमान दोन्ही तोंड उघडण्याआधीच होऊन गेलेले असायचे. खुर्ची गादीच्या कोणत्या बाजूला, यजमान कुठपर्यंत सामोरा आला, जोडे कुठे उतरले, विडा कुणाच्या हातून मिळाला, यावर सगळं ठरायचं. म्हणून प्रसंग लिहायला घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. इथे नियम कुणाचा चालतोय? आणि तो मोडला तर भुर्दंड कोण भरणार? दुसऱ्याचं उत्तर क्वचितच ‘साहेब’ असं येतं. गोष्ट तिथेच सापडते.

१८७० ते १९१० दरम्यानचा, मधल्या आकाराच्या मराठी संस्थानातला दरबार घेऊ. भेट ठरली की एजंटाची कचेरी आणि संस्थानचा कारभारी यांच्यात आधी पत्रापत्री. पाहुणा उतरणार कुठे, सामोरं कोण जाणार आणि कुठपर्यंत (हद्दीपर्यंत, वाड्याच्या दारापर्यंत, जिन्यापर्यंत की नुसतं गालिच्याच्या कडेपर्यंत), खुर्च्यांचा क्रम काय, नजर किती मोहरांची, सगळं कागदावर. दरबारात अचानक काही घडायला फार थोडी जागा उरते. नाट्य हवं असेल तर ते आठ-पंधरा दिवस आधी कारभाऱ्याच्या कचेरीत शोधा. गालिचा चार हात आखूड अंथरला की राजाला तेवढी पावलं कमी चालावी लागतात. हे ज्याला सुचतं तो कारभारी तुमच्या नायकापेक्षा रंगतदार निघेल.

नजर म्हणजे रुमालावर मोहरा ठेवून पुढे धरायच्या आणि वरिष्ठाने बोटं लावून परत करायच्या. कादंबरीतला साहेब त्या खिशात घालतो तेव्हा ती लाच होते. लाचेचा प्रसंगही जरूर लिहावा, पण तो भर दरबारात होत नाही. खऱ्या मौल्यवान भेटी सरकारी तोशाखान्यात (भेटवस्तूंच्या भांडारात) जमा व्हायच्या आणि परतीच्या भेटी तिथूनच निघायच्या, त्यामुळे एका संस्थानातून आलेली शाल दुसऱ्याच संस्थानिकाच्या खांद्यावर पडू शकते. हे कथेत वापरलेलं फारसं दिसत नाही.

अत्तर-पान हा निरोप. विडा हातात आला की उठायचं. विडा दिल्यावर दोन पानं संवाद रंगवणारे लेखक आहेत, त्यांना साष्टांग. आणि विडा देणारा हातही मोजला जातो. व्हाइसरॉय राजाला स्वतः देणार, मानकऱ्यांना हाताखालचा अधिकारी देणार. कुणाला कुणाच्या हातून मिळाला हे घरी जाईपर्यंत गावभर झालेलं असतं.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः खाणंपिणं आणि बायकांच्या भेटी या दोन बाजू.

मोडीवाचक

चांगला धागा. एक मोठी खूणगाठ आधी बांधून घ्या: १८१८ च्या अलीकडचं आणि पलीकडचं एकत्र कालवू नका.

चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्याला आला तेव्हा तो इतर दरबारांच्या वकिलांसारखाच एक वकील (म्हणजे राजदूत) होता. मागणारा तो होता, देणारा शनिवारवाडा. १७९० चा टिपूविरुद्धचा तह होतानाच्या दरबाराचं मोठं तैलचित्र आहे. जेम्स वेल्सने पुण्यात केलेल्या अभ्यासचित्रांवरून पुढे थॉमस डॅनियलने ते पुरं केलं. पेशवे दरबारातला पाश्चात्त्य माणूस लिहायचा असेल तर ते चित्र तासभर बघावं. दरबार पेशव्यांचा आहे, गोरे त्यात येऊन बसलेत, हे कळायला मजकुराची गरज पडत नाही. याउलट १८१७ च्या नोव्हेंबरात संगमावरची रेसिडेन्सी जळाली, खडकीची लढाई झाली, आणि त्यानंतरच्या कुठल्याही मराठी दरबारात गोरा माणूस पाहुणा राहिलेला नाही, तो तपासनीस आहे. नाना फडणविसांच्या समोर १८८० चा पोलिटिकल एजंट बसवणाऱ्या कादंबऱ्या वाचवत नाहीत.

तोफांच्या सलामीचा घोळ तर विचारूच नका. उठसूट ‘एकशे एक तोफा’. एकशे एक फक्त बादशहाच्या. व्हाइसरॉयला ३१. बडोदा, ग्वाल्हेर २१, कोल्हापूर आणि इंदूर १९, देवासच्या दोन्ही पात्यांना (शाखांना) प्रत्येकी १५, जंजिरा ११, सावंतवाडी, भोर, सांगली ९. औंधाला सलामीच नाही. यातली गंमत पाहा: मुंबईच्या गव्हर्नरला १७. म्हणजे तोफा मोजल्या तर कोल्हापूरकर गव्हर्नरापेक्षा वरचे, आणि हुकूम मात्र गव्हर्नराच्या माणसाचा. या दोन तोफांच्या फरकावर अख्खी कादंबरी उभी राहील.

आणखी एक. राजाला जाणारं औपचारिक पत्र म्हणजे खलिता. तो पाकिटातून जात नाही. किनखापाच्या थैलीतून, मोहोर लावून जातो, आणि दरबारात उघडून वाचला जातो. टपालवाला शिपाई दारात ‘चिठ्ठी आहे’ म्हणून देतोय असं लिहू नये.

तिसरी घंटा

खाली वाकणं आणि पाठ फिरवणं यावर इतिहासातलाच प्रसंग आहे. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सयाजीराव गायकवाडांनी पंचम जॉर्जसमोर एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून परतले. उलट पावलांनी मागे सरकण्याची अपेक्षा होती. एक शब्द बोलले नाहीत, तरी इंग्रजी वर्तमानपत्रांत गदारोळ, आणि नंतर खुलाशाचं पत्र द्यावं लागलं ते महाराजांना. धागाकर्त्याच्या ‘भुर्दंड कोण भरणार’ला याहून नेमका दाखला मिळणार नाही. नाट्यरूपांतर करणाऱ्यांना मात्र तिथे घणाघाती स्वगत घालण्याचा मोह होतोच.

जोड्यांबद्दल. साधारण समजूत अशी की आपल्याकडे जोडे काढतात, साहेब काढत नाही, झाला संघर्ष. प्रकरण त्याहून तिरकं आहे. साहेबाने आपलाच नियम आपल्यावर उलटवला होता: तुमच्यात मानासाठी जोडे काढतात ना, मग आमच्या कचेरीतही काढा. १८५४ मध्ये सरकारने सवलत दिली की विलायती बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीयाने सरकारी समारंभात ते घालूनच यावं. देशी जोडा असेल तर उतरवायचा. म्हणजे मान पायाला नाही, चामड्याच्या कापाला! १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात असेसर (जज्जाला सल्ला देणारे पंच) माणकजी कावसजी एंटी यांनी सेशन जज्जासमोर जोडे काढायचं नाकारलं आणि मोठा वाद झाला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच.

आता प्रसंग रचा. एकाच कचेरीत दोन मराठी माणसं. एक बूटवाला, आत ताठ चालत गेला. दुसरा पुणेरी जोडेवाला, वयाने आणि विद्येने मोठा, दाराशी वाकलेला. साहेब पडद्यावर आलासुद्धा नाही आणि काम झालं.

कृष्णाकाठ

खाण्यापिण्याचं मी घेते.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशींनी हा घाट घातला आणि नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात टिळक होते, रानडे होते. पुढे ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद), शंकराचार्यांपुढे प्रकरण, प्रायश्चित्तं. कुणी प्यायले, कुणी नुसता पेला हातात धरला, यावरही वाद झाले. मिशनवाल्यांना काय पडलं? काहीच नाही. ज्यांनी चहा घेतला त्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकीसुना माहेरी-सासरी अडकल्या. तुमच्या कथेत १८९० चा पुणेरी वकील कलेक्टराकडे बिनधास्त चहा पीत असेल, तर त्या चहाची किंमत त्याच्या बायकोने कुठेतरी मोजलेली दाखवा, नाहीतर पेला रिकामाच ठेवा.

आता हेच इंग्रज लेखकाने कसं टिपलं ते बघा. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त (१९२४) प्रोफेसर नारायण गोडबोले आहेत. दख्खनी ब्राह्मण. कॉलेजचा इंग्रज प्राचार्य फील्डिंग याच्याकडे चहाला येतात, पण सगळ्यांच्या बरोबर घेत नाहीत. त्यांच्या थोडं मागे एक बुटकं मेज, ते हात मागे नेऊन त्यावरचं उचलतात, जणू खाणं वाटेत सहज सापडलं. आणि बाकीचे आपलं लक्षच नाही असं दाखवतात. एक मेज, एक मागे गेलेला हात. पंचहौदनंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने काढलेली तडजोड तीन ओळींत.

त्याच कादंबरीतली सहलीची तयारी तर लेखकांसाठी पाठच आहे. सहलीचा यजमान डॉक्टर अझीझ, त्याच्यापुढे दोन वेगळे पेच: गोडबोल्यांचं जेवण, आणि गोडबोल्यांना चालेल असं इतरांचं जेवण. त्यांना चहा, फळं, सोडा, मिठाई कुणाच्याही हातची चालते. भात-भाजी ब्राह्मणाने रांधलेली हवी. मांस नाही. केक नाही, अंडं असेल म्हणून. दुसऱ्याने मटण खावं, डुकराचं खावं, पण गोमांसाचा तुकडा लांबच्या ताटलीतही नको. आणि डुकराला अझीझचा स्वतःचाच धर्म आडवा. कच्चं-पक्कं, कुणाच्या हातचं, कुणाच्या नजरेसमोर, अशा तीन चाळण्या आहेत या. ‘सोवळ्यात होते म्हणून जेवले नाहीत’ या एका वाक्यात त्या बसत नाहीत.

वाड्यातल्या मेजवानीचा क्रम: गोऱ्या पाहुण्यांचं जेवण वेगळ्या बंगल्यात नाहीतर शामियान्यात, वेगळ्या आचाऱ्याकडून. मुंबई इलाख्यात हा आचारी आणि बटलर बहुधा गोव्याचा ख्रिस्ती, कारण गाय आणि डुक्कर दोन्ही शिजवायला त्याची हरकत नसते. राजा जेवायला बसत नाही. जेवण उरकल्यावर येतो, आरोग्यचिंतनाला (टोस्टला) हजर राहतो. पंगतीत साहेबाला पानावर बसवायचंच असेल तर ते स्वतंत्र दालनात, आणि वाढपी वरून वाढणार, पानाला पळी लागू न देता. पान मांडताना निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, मीठ वर मध्ये, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या-आमटी. पाहुणा डाव्या हाताने लिंबू पिळणार हे नक्की धरा, त्यावर कुणीही ब्र काढणार नाही, आणि उष्टं कुणी उचलायचं हा प्रश्न मात्र मुदपाकखान्यात पोचेल.

माळवेकर

गोडबोल्यांचा विषय निघाला आहे तर देवास सांगायलाच हवं. मराठी वाचकाला या कादंबरीत हक्काची जागा आहे आणि आपण ती घेत नाही.

देवास म्हणजे पवारांचं राज्य, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, वर चामुंडेची टेकडी. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झाला होता. फॉर्स्टर आधी १९१२-१३ च्या दौऱ्यात तिथे येऊन गेला आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. काम काय, तर बाग, मोटारी, वीज, पाहुण्यांचा बंगला. नव्या राजवाड्यात दोन पियानो, एक हार्मोनियम, सगळी वाद्यं नवी आणि सगळी निकामी, कोरड्या हवेने लाकूड तडकलेलं. पश्चिमेची वस्तू आणली पण तिला लागणारी हवा आणता येत नाही, हे सांगायला त्याला एवढा तपशील पुरला.

त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीला महाराज गावातल्या जुन्या वाड्यात मुक्कामाला गेले, फॉर्स्टरही गेला. मांस बंद, जोडे बंद. भजनाच्या फडांचा अहोरात्र गलका, महाराज स्वतः देवापुढे नाचताहेत. शेवटी मातीचं गोकुळ तळ्यात विसर्जन. ही पत्रं नंतर १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’त आली; कादंबरीचा तिसरा भाग त्यातूनच उभा राहिला. माऊ नावाच्या काल्पनिक हिंदू संस्थानात गोडबोले शिक्षणमंत्री झालेत, आणि कृष्णजन्माच्या रात्री टाळकरी काय म्हणताहेत? तुकाराम, तुकाराम, तूच माझा बाप, तूच आई. इंग्रज वाचकाला हे पूर्वेकडचं गूढ वाटतं. आपल्याला ते कीर्तन ऐकू येतं. माळव्यातल्या मराठी दरबारातलं मराठी भजन आहे ते!

तंत्राच्या अंगाने बघा. त्या प्रकरणात इंग्रज माणूस मध्यभागी नाहीच. भिंतीवर इंग्रजीत लिहिलेली पाटीसुद्धा चुकलेल्या अक्षरांची. पाहुण्यांची होडी तळ्यात उलटते आणि उत्सव तसाच पुढे चालू राहतो. गोऱ्या पात्राला काहीही न समजता प्रसंग पूर्ण होऊ शकतो, हे आपल्या लेखकांनी उचलावं. आपल्याकडे प्रत्येक आरतीनंतर मडमेचे डोळे पाणावलेच पाहिजेत असा काही शासननिर्णय आहे का?

पंतोजी

माळवेकर, थोडा विरोध नोंदवतो. गोडबोले हे पात्र मला अर्धंच वाटतं. त्यांना घर नाही, बायको नाही, कर्ज नाही, पुण्या-कोकणात कुणी भाऊबंद नाहीत. कादंबरीतल्या चांद्रपुरात, म्हणजे पाटण्याजवळच्या बांकीपूरच्या साच्यातल्या गावात, हा दख्खनी ब्राह्मण नोकरीला कसा आला याचा पत्ता नाही. पूजा किती वेळ चालेल याचा अंदाज चुकतो आणि गाडी चुकते, त्यातून पुढची सगळी आपत्ती घडते. पण चूक ‘हिंदू स्वभाव’ म्हणून खपून जाते. अझीझला कॉलरचं बटण आहे, मुलं आहेत, मेलेल्या बायकोचा फोटो आहे. गोडबोल्यांना फक्त पगडी आणि मोजे. डेव्हिड लीनच्या १९८४ च्या चित्रपटात तर ते काम अ‍ॅलेक गिनेसला दिलं, तेव्हा उरलंसुरलं माणूसपण गेलं.

आणि हाच दोष उलटा करून आपण करतो. मराठी कादंबरीतल्या इंग्रजाला कधी आई असते? पगार किती, सुट्टी कधी, घरी पैसे पाठवतो का, मुलं सातव्या-आठव्या वर्षी विलायतेला धाडली का? दोन ओळींत येतं हे. आलं नाही की तो टोपी घातलेला खांब होतो.

माळवेकर

पंतोजी, घरदार नाही हे कबूल. पण ‘स्वभाव म्हणून खपून जातं’ हे पटत नाही. गाडी चुकते तेव्हा फील्डिंगही बरोबर चुकतो, रेल्वेचं फाटक बंद असतं म्हणून. पूजेने उशीर केला आणि फाटकाने तो पक्का केला. बटणाबद्दल तुम्ही म्हणता तेच बघा: अझीझ स्वतःचं बटण काढून फील्डिंगला देतो, आणि इंग्रज मॅजिस्ट्रेट रॉनी त्याची वर आलेली कॉलर बघून म्हणतो, हे लोक असेच गबाळे. औदार्य बेशिस्त म्हणून वाचलं गेलं. एका बटणात सगळा गैरसमज, कुणाचंही भाषण नाही. बोरूबहाद्दरांचा मुद्दा हाच आहे.

ळ

संवादांबद्दल थोडक्यात. ‘टुम क्या मांगटा’ बंद करा. ती पारशी रंगभूमीची आणि सिनेमाची देणगी.

मुंबई इलाख्यात नेमणूक झालेल्या मुलकी अधिकाऱ्याला देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पासून हाताशी होता. शिकलेला साहेब व्याकरण बऱ्यापैकी बोलेल. त्याच्या चुका इथे होतील: लिंग (‘माझा टोपी’), सामान्यरूप (‘घोडावर’ म्हणेल, ‘घोड्यावर’ नाही), त-ट आणि द-ड यांची सरमिसळ, आणि माझ्या नावाचं अक्षर तर त्याच्या जिभेला वळणारच नाही. सगळ्यात महत्त्वाची चूक सामाजिक आहे. भाषा नोकरांकडून आणि नोकरांना हुकूम देत शिकलेला माणूस सगळ्यांना अरेतुरे करतो. सत्तर वर्षांच्या शास्त्र्यांना तो ‘तू बस’ म्हणेल, प्रेमाने म्हणेल, आणि शास्त्रीबुवा उभेच राहतील.

उलट बाजूने, आपली माणसं आपसात बोलताना साहेबासमोर एकदम पुस्तकी होतात की बोलीत शिरतात, हे ठरवून घ्या. बहुधा दुसरं. कारण ते त्याला कळत नाही.

मोडीवाचक

+१. आणि ऋतूंचं भान! मुंबई सरकार एप्रिल-मेमध्ये महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई असं फिरायचं. जानेवारीत पुण्याच्या गणेशखिंडीत गव्हर्नराची मेजवानी लिहिलीत तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. गणेशखिंडीचा बंगला १८७१ चा, त्याआधी दापोडी. बोरघाटातून सलग रेल्वे १८६३ पासून, सुएझ १८६९ पासून.

चष्मेवाली

बायकांच्या भेटींत सर्वात जास्त चुका होतात आणि बहुतेक उत्तरेकडच्या हवेलीवरून उचललेल्या असतात. गोषा (पडदा) मराठा राजघराण्यांत आणि सरदारांत. पुण्या-साताऱ्याच्या ब्राह्मण घरात बायका पडद्यात नसत. त्या परपुरुषासमोर पुढे येऊन बोलत नसत, ही निराळी गोष्ट. पेशव्यांच्या घरातल्या बाईला तोंडभर घुंगट देऊ नका. आणि केशवपन केलेली आत्या माजघराच्या दारामागे असणारच. मडमेला दिसणारी आणि तिला कुणी ओळख करून न देणारी.

गोऱ्या वसाहतीचेही नियम होते. विलायतेच्या उलट, हिंदुस्थानात नवीन आलेल्याने आधी जुन्यांच्या घरी जाऊन कार्ड टाकायचं, आणि वेळ दुपारी बारा ते दोन, भर उन्हात. नवी मडम पहिल्या आठवड्यात घामाघूम होऊन दहा दारं फिरलेली असते. तिच्याकडे एखादी देशी बाई ‘या हो कधीतरी’ म्हणते तेव्हा ती तारीख विचारते. आपल्याकडे ‘या कधीतरी’ला तारीख नसते. फॉर्स्टरच्या कादंबरीत भट्टाचार्य पतिपत्नी गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो म्हणतात आणि गाडी येतच नाही. कुणाचाही हेतू वाईट नाही.

रुथ प्रावर झाबवालांच्या ‘हीट अँड डस्ट’ची (१९७५, बुकर) रचना अभ्यासायला चांगली आहे. १९२३ ची ऑलिव्हिया आणि नवाब, आणि पन्नास वर्षांनी तिच्या पत्रांवरून माग काढणारी दुसरी गोरी बाई. दोन काळ समोरासमोर ठेवले की लेखिकेला टिप्पणी करावी लागत नाही. तोटा असा की भारतीय बाजू दोन्ही काळांत पाहुणीच्या डोळ्यांतूनच दिसते. बेगमेच्या दालनात आत काय बोललं गेलं ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

तिसरी घंटा

प्रेमप्रकरणं लिहिणाऱ्यांसाठी कायदा. इंग्रज कादंबरीकार मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता, नळदुर्गला किल्ल्यात राहून त्याने तो जिल्हा सांभाळला. तुळजापूर त्याच टापूतलं, म्हणून त्याची ‘तारा’ (१८६३) तुळजापुरात सुरू होते. १८७२ च्या ‘सीता’त त्याने इंग्रज अधिकारी आणि हिंदू विधवा यांचं लग्न लावलं, आणि शेवटी सीतेला मारलं. विलायतेला नेण्याचा प्रश्नच मिटला! गंमत म्हणजे १८७२ सालीच दोन कायदे झाले. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर दोघांनी आपण ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान वगैरे नाही असं लिहून द्यायचं. ख्रिस्ती विवाह कायद्याला मात्र दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरे. म्हणजे साहेब आणि हिंदू मुलगी यांना दुसरा रस्ता कागदावर मोकळा होता. अडवणारा कायदा नव्हता, क्लब होता आणि जात होती.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) हा पेच जागेनेच सोडवला. चक्रधर आणि जर्मन ज्यू हॅर्टा यांची भेट बोटीवर. तिथे माजघर नाही, पंगत नाही, क्लब नाही, आणि पाश्चात्त्य मुलगीच निर्वासित, मागणारी. सत्तेचा सगळा उतार उलटा. मुंबई बंदर आलं की जमीन परत येते आणि चक्रधरला उतरावं लागतं. मराठीत या विषयावर याच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे.

बोरूबहाद्दर

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा भारी चाललाय. आता एक प्रसंग पटावर मांडतो, सोडवून द्या. १९०५. सलामी नसलेलं छोटं ब्राह्मणी संस्थान. नव्या एजंटाची बायको चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येते. क्रमाने काय होईल?

चष्मेवाली

जोडे पायरीशी काढायला तिला कारभाऱ्याच्या मुलाने आधीच सुचवलेलं असेल, पण तिच्या बुटांना वीसेक बटणं आणि ती काढायला आकडा लागतो. आकडा बंगल्यावर. म्हणून एक चटई बाहेरच्या ओसरीवर, खुर्चीसकट. गौरीची आरास तिला उंबऱ्याबाहेरून दिसते. हळदकुंकू लावायला धाकटी सून पुढे येते, कारण सासूबाई सोवळ्यात. अत्तर, गुलाबपाणी. आंब्याची डाळ आणि पन्हं तिच्यापुढे वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडं परत आत येणार नाही. हरभऱ्यांनी ओटी, खण, नारळ.

इथे दोन अपघात. घामाने ओघळलेलं कुंकू ती रुमालाने पुसते. बायकांत एकदम शांतता. ती नवऱ्याच्या जिवाशी खेळली, असं सगळ्यांना वाटतं आणि कुणीही तिला सांगू शकत नाही.

कृष्णाकाठ

दुसरा अपघात दुसऱ्या दिवशी. सरकारी नोकराने फळं-फुलं सोडून भेट घ्यायची नाही, आणि घरच्यांनीही नाही. साहेब नियमाला पक्का. खण परत येतो. भरलेली ओटी परत करणं म्हणजे काय हे साहेबाला कसं कळणार? धाकट्या सुनेच्या हातची होती ती, म्हणजे बोल तिला. घरात खण ठेवता येत नाही, दुसरीला देता येत नाही. कारभाऱ्याने एजंटाला लिहायचं की हा धर्माचार आहे, भेट नव्हे; आणि लिहिताना आपल्याच सरकारांनी (राजेसाहेबांनी) नियमाविरुद्ध काही दिलं असा अर्थ निघू द्यायचा नाही. खणाचं काहीतरी जमेल. नारळ फळांत धरायचा की भेटीत, यावर मात्र कचेरीत दोन पानं खर्ची पडतील.